शिळा वारा

सकाळी अकरा वाजून एकोणतीस मिनिटांनी वहिनीचा फोन आला तेव्हा रोशनी पावसे वैतागलीच. कामाच्या वेळी घरचा फोन घ्यायचा नाही हा तिचा नियम, आणि तो मोडायला लावणारी माणसंही घरचीच. त्यातून सप्टेंबरातला हा मंगळवार काही बरा दिसत नव्हता. वेळशी बंदराच्या टेकाडावरच्या किनारा सूचना केंद्रात सकाळपासून सगळ्या पडद्यांवरचे आकडे नुसते वर चालले होते. टीव्हीवाल्यांनी तर समुद्र गिळायला निघाल्यासारखा आरडाओरडा मांडला होता.

"रोशनी, एक इचारू?" सुप्रियावहिनी दबकत म्हणाली. "टीव्हीवं सांगतान, वारा मोठा सुटलाय. आपले घरचे सेटवं तर आठच दाखवतंय. खरा कंचा गो?"

रोशनीने समोर पाहिलं. दादूसची, म्हणजे तिच्या थोरल्या भावाची, जयंताची होडी ज्या भागात जाळं टाकून उभी होती तिथला वारा तिच्या पडद्यावर सत्तावीस नॉट होता. ती म्हणाली की वहिनी, तू भलतीकडचा आकडा बघत असशील, आपला भाग बघ. वहिनी म्हणाली की आपलाच बघतेय, तीन दिवस तोच तर बघतेय. रोशनीने आकड्याखालच्या घड्याळात किती वाजलेत ते विचारलं. वहिनीने सांगितलं, अकरा तीस. घड्याळ बरोबर होतं. वारा मात्र सकाळी नऊचा होता. नऊला तो आठ होता, हे रोशनीला पक्कं आठवत होतं, कारण तेव्हाच ती चहा घेऊन खुर्चीत बसली होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

हे का, ते कळायला आधी 'चाहूल' म्हणजे काय ते सांगायला हवं. समुद्रात अचानक उठणारी वावटळ येण्याआधी हवेचा दाब अगदी बारीक थरथरतो, माणसाच्या कानाला कळणार नाही इतका. पाण्यावर तरंगत नांगरलेल्या एका बोयाला ती थरथर समजत नाही, पण किनाऱ्यापासून साठ मैलांपर्यंत अकरा हजार बोये पसरून ठेवले आणि सगळ्यांचं एकत्र ऐकलं, तर वावटळ कुठे आणि किती वाजता आदळणार हे चाळीस मिनिटं आधी सांगता येतं, पाच मिनिटं इकडेतिकडे. सहा वर्षांपूर्वी हा शोध लागला आणि कोकणच्या किनाऱ्यावर 'चाहूल' सुरू झाली. बोयांचे आकडे दर दहा सेकंदांनी उपग्रहावरून सगळ्या होड्यांना एकदमच जात. होडीवरच्या सेटमध्ये एक ब्राउझर होता आणि त्या ब्राउझरात एकच वेबपान.

ते पान आतून एक्सएमएलमध्ये लिहिलेलं होतं. म्हणजे माहितीचं एक झाडच म्हणा. बुंधा म्हणजे अख्खा किनारा, फांद्या म्हणजे एकेका बंदराचा समुद्र, डहाळ्या म्हणजे बोये आणि पानं म्हणजे आकडे. वारा आठाचा नऊ झाला, की झाडाचं एक पान बदललं. नव्या सेटमधला ब्राउझर शहाणा होता. तो बदललेलं तेवढंच पान खुडायचा आणि तिथे नवं लावायचा. जुन्या सेटमधल्या ब्राउझरला ही कला येत नव्हती. एक आकडा बदलो की हजार, तो सगळं झाड उपटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचा. शांत दिवशी केंद्रातून मोजकेच बदल जात, तेव्हा हे लावणं चार सेकंदांत उरकायचं आणि कुणाला फरक कळायचा नाही. वारा वाढला, की अकरा हजार बोयांचे सगळेच आकडे बदलायला लागत आणि तेच काम पंधरा-वीस सेकंदांवर जाई. नवे आकडे दहा सेकंदांनी येतच राहायचे. ते मग रांगेत उभे राहत. म्हणजे समुद्र जितका खवळलेला, तितकं जुन्या सेटवरचं पान मागे पडलेलं. ज्या दिवसासाठी हे यंत्र बनवलं, नेमक्या त्याच दिवशी ते खोटं बोलणार होतं.

दोन वर्षांपूर्वी 'जुन्या सेटवर पान व्यवस्थित चालते' या वाक्याखाली सही रोशनीने केली होती.

तिची चाचणी लबाडीची नव्हती. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हाच कोळ्यांना उसंत असते. त्या दोन महिन्यांत ती घरोघर हिंडली होती, सेट लावले होते, आणि कार्तिकातल्या एका दिवसाचे साठवलेले आकडे त्यावर सोडून पाहिले होते. कार्तिकातला समुद्र म्हणजे गरीब गाय. लोकांची एकच तक्रार होती, की झाड उपटून लावताना पान क्षणभर कोरं होतं आणि डोळ्यांना त्रास होतो. मग तिने नवा आकडा येईपर्यंत जुनाच दिसत राहील अशी सोय केली. पान मेल्यासारखं वाटू नये म्हणून घड्याळ मात्र सेटचं स्वतःचं ठेवलं. लोक खूश झाले. केंद्रप्रमुख मोहिते सरांनी तर पाठ थोपटली होती.

एक गोष्ट मात्र ती विसरली, आणि कोळ्याच्या पोरीने ती विसरावी याची तिला त्या क्षणी इतकी लाज वाटली की कान गरम झाले. शहरातला माणूस पान उघडतो, बघतो, बंद करतो. वेळशीत सेट बंद करत नाहीत. होडी निघताना ती हाकणारा तांडेल सेट लावतो, उदबत्ती ओवाळतो, आणि परत बंदराला लागेपर्यंत तो मालवायचा नाही. जोडीचा दुसरा सेट घरी देवाजवळ, तोही होडी येईपर्यंत चालू. पूर्वी तिची आई समई तेवत ठेवायची, आता वहिनी सेट ठेवायची, एवढाच फरक. तीन-तीन दिवस न मालवलेल्या सेटमध्ये उपटलेल्या झाडांचा पाचोळा साचत जायचा आणि सेट आणखी मंद व्हायचा. चाचणीतला प्रत्येक सेट तिने स्वतःच्या हाताने नुकताच लावलेला होता.

"मी बंद करून परत लावू का?" वहिनीने विचारलं. आवाजावरून तिला ते करायचं नव्हतं हे कळत होतं.

"नको. हात लावू नकोस," रोशनी म्हणाली. "तुझ्या सेटवर आता जे दिसतंय, तेच दादूसला दिसतंय. फोन ठेवू नकोस, तशीच समोर बसून राहा."

वहिनीने पाट ओढून घेतल्याचा आवाज आला. एवढ्यावरून जे समजायचं ते ती समजली.

बंदराच्या नोंदवहीप्रमाणे जुने सेट वापरणाऱ्या त्रेसष्ट होड्या त्या दिवशी समुद्रात होत्या. किनाऱ्यापासून पंचवीस-तीस सागरी मैल आत. मोबाइल दहा मैलांवर मान टाकतो, छोट्या होडीचा वायरलेस फार तर पंधरा मैल जातो. जुने सेट नुसतं ऐकायचे, बोलायचे नाहीत, म्हणून केंद्राच्या नकाशावर त्या होड्या दिसतही नसत. नव्या सेटच्या होड्यांचे हिरवे ठिपके दिसत, नावासकट. दादूसने नवा सेट घेतला नव्हता, कारण रोशनीनेच त्याला सांगितलं होतं की जुना उत्तम चालतो, उगाच कशाला. दादूसचा बहिणीच्या शब्दावर देवापेक्षा जास्त विश्वास. त्याचं तिला एरवी किती कौतुक वाटायचं.

धोका काय होता, हे वेळशीत शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. जाळं पाण्यात असताना होडी त्याला दोराने बांधलेली असते. वावटळ आली आणि होडी बांधलेली असली, की जाळं खाली ओढतं, वारा वर उचलतो, आणि होडी उलटते. जाळं आत घेऊन होडी मोकळी केली, तोंड वाऱ्याला दिलं, की कसलेला तांडेल वावटळ काढतो. जाळं ओढायला वीस मिनिटं लागतात. म्हणजे प्रश्न वीस मिनिटांचा होता.

तिने मोहिते सरांना बोलावलं आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मोहिते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत वरच्या माणसाचा आधार लागायचा. ते म्हणाले की तातडीचा संदेश वेगळा पाठवू. तिने सांगितलं की उपग्रहाची वाट एकच आहे आणि सेटमध्ये रांगही एकच, आत्ता पाठवलेला संदेश रांगेच्या शेवटी उभा राहील आणि अडीच तासांनी वाचला जाईल. ते म्हणाले, मग त्या ब्राउझरची दुरुस्ती पाठवू. तीही त्याच रांगेत. मोहिते खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

अकरा पंचेचाळीसला नकाशावर लाल पट्टा उमटला. वावटळ. पश्चिमेकडून येणारी, दादूसच्या भागावरून जाणारी. पट्ट्याशेजारी वेळ लिहिली होती, बारा पंचवीस.

"वहिनी, काय दिसतंय?"

"आठ," वहिनी म्हणाली. "साडेआठ झाला आता."

रोशनी डोकं चालवत होती. जुन्या सेटच्या रेडिओत एक नियम घालून ठेवलेला होता, तो तिला आठवला. सलग चार मिनिटं काहीच आलं नाही, तर तो वाट तुटली असं धरतो, रांग फेकून देतो, आणि आकडे पुन्हा यायला लागले की पान नव्याने उघडतो. नव्याने उघडायला दोन मिनिटं. नव्याने उघडलेलं पान ताजं असणार, आणि त्यावर लाल पट्टा असणार. आतापर्यंत किनाऱ्याला जास्तीत जास्त सांगणं हेच तिचं काम होतं. आता उपाय एवढाच होता, की चार मिनिटं कुणालाच काही सांगायचं नाही.

कुणालाच, कारण वाट एकच होती. जुने सेट गप्प करायचे तर नवेही गप्प होणार. नवे सेट त्याबाबतीत प्रामाणिक होते. आकडे थांबले की मिनिटाभरात पडदा सरळ करडा करत.

प्रवाह थांबवायला मुंबईच्या कचेरीची परवानगी लागते, असं मोहिते म्हणाले आणि फोनकडे वळले. मुंबईच्या माणसाने आधी त्यांचं नाव लिहून घेतलं, मग केंद्राचा क्रमांक, मग थांबायला सांगितलं. फोनवर सनई वाजायला लागली.

रोशनी नकाशा बघत होती. तीनशे दहा हिरवे ठिपके. बहुतेक बंदरात होते किंवा वावटळीच्या वाटेबाहेर. एकच ठिपका तिला नको त्या जागी दिसला. वेळशीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर लाटा फुटतात. तो ओलांडायचा तर मोठ्या लाटा कधी येणार आणि मधली उसंत किती, हे ठाऊक हवं. तोंडावरचा बोया ते मोजून सांगायचा आणि गेली दोन वर्षं नव्या सेटच्या सगळ्या होड्या त्या आकड्यावर आत येत. ठिपका दांड्याच्या सुरुवातीला होता. दांड्यावर शिरलेल्या होडीला माघारी वळता येत नाही, आणि तिथे फोन किंवा वायरलेस उचलायला कुणाचा हात मोकळा नसतो. नाव होतं 'हिरादेवी'.

'हिरादेवी' जनूकाकांची. जनार्दन चोगले, कोळीवाड्याचे पाटील. रोशनीचा बाप गेल्यावर दादूसला होडीवर घेऊन तांडेल केला तो जनूकाकांनी. ती शिकायला बाहेर जाणार म्हटल्यावर भर बैठकीत उभं राहून 'जाऊ द्या पोरीला' म्हणणारे तेच. आणि नवा सेट आला तेव्हा कोळीवाड्यातला पहिला त्यांनीच घेतला. सत्तरीचा माणूस, नुसत्या डोळ्यांनी पाणी बघून दांडा ओलांडणारा, सगळ्यांसमोर म्हणाला होता, की आमच्या रोशनीचं यंत्र आहे, आता मी डोळे मिटून येईन.

अकरा पन्नास.

दांडा ओलांडायला पाच मिनिटं लागतात. तिने हिशेब केला, आणि तो हिशेब पुढे ती आयुष्यभर करत राहणार होती. आत्ता थांबवला तर चार आणि दोन सहा, अकरा छपन्नला जुने सेट ताजे होतील, जाळं ओढायला एकोणतीस मिनिटं मिळतील. पाच मिनिटं थांबून, काकांना आत येऊ देऊन मग थांबवला, तर चोवीस मिळतील. लागतात वीस. चोवीस पुरे होते. पण वावटळ पाच मिनिटं आधी आली तर एकोणीस. पाच मिनिटं उशिरा आली तर एकोणतीस. काहीही होऊ शकत होतं. मोहित्यांच्या फोनवर सनई वाजत होती.

"वहिनी?"

"नऊ," वहिनी म्हणाली, आणि मग न विचारता म्हणाली, "ते आता जेवाला बसले असतील. वारा कमी हाय म्हनून."

रोशनीने प्रवाह बंद केला.

खोलीतले सगळे पडदे एकाच वेळी स्थिर झाले. मोहित्यांनी मान वळवली आणि काय झालं ते त्यांना कळलं. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. पहिलं मिनिट गेलं. नकाशावर सगळे ठिपके होते तिथेच थिजले होते, कारण ठिपकेही त्याच वाटेने यायचे. 'हिरादेवी' दांड्याच्या सुरुवातीला होती आणि आता ती तिथे नसणार, हे रोशनीला माहीत होतं. कुठे असेल, ते मात्र दिसायची सोय नव्हती. दुसरं मिनिट. तिने खिडकीकडे बघायचं टाळलं. खिडकीतून खाडीचं तोंड दिसत नव्हतंच, नुसता करडा पाऊस दिसत होता. तिसरं मिनिट सगळ्यात लांब होतं. तिला एकदम वाटलं की पुन्हा सुरू करावं, आत्ता, या क्षणी. पण तीन मिनिटं गप्प राहून काही उपयोग नव्हता. चार भरली नाहीत तर जुने सेट जागचे हलणार नव्हते आणि सगळंच फुकट जाणार होतं.

चार मिनिटं झाली. तिने आणखी दहा सेकंद मोजले आणि प्रवाह सोडला.

"पान गेला," वहिनी फोनवर म्हणाली. "रोशनी, सगळा कोरा झाला. आता काय करू?"

"काही करू नकोस. बघत राहा."

पलीकडे वहिनीचा श्वास ऐकू येत होता. इकडे हिरवे ठिपके एकेक करून पुन्हा हलायला लागले. रोशनी ते मोजत नव्हती; ती एकाच जागी बघत होती. 'हिरादेवी'चा ठिपका हलला नाही. मग तो विझला.

"लाल आलं," वहिनी एकदम म्हणाली. "सगळा लाल. बारा पंचवीस लिवलंय. रोशनी, त्यांना पन दिसत असल ना गो? दिसत असल ना?"

रोशनीने होय म्हटलं. तिला रडू आलं, आणि ते कशाचं होतं हे तिला सांगता आलं नसतं.

वावटळ बारा सत्तावीसला आली. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं उशिरा.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट होड्या परत आल्या. कुणी जाळं आत घेतलं होतं, बारा जणांनी दोर कापून समुद्राला देऊन टाकलं होतं. संध्याकाळी धक्क्यावर अख्खा कोळीवाडा लोटला होता. दादूस होडीवरून उतरला तो भिजून गारठलेला, पण हसत. पान एकदम कोरं झालं तेव्हा आम्ही घाबरलो, तो सांगत होता, मग लाल उठलं, आणि मी ताट समुद्रात फेकून दोराला हात घातला. जाळं पूर्ण आत आलं, वर सात मिनिटं उरली. त्याने रोशनीला सगळ्यांसमोर उचलून घेतलं. तिने डोळे मिटून घेतले. मग त्याला कुणीतरी जनूकाकांचं सांगितलं, तेव्हा त्याने तिला खाली ठेवलं आणि तो धक्क्यावरच बसला.

'हिरादेवी'वरचे चार खलाशी पोहून आले होते. त्यांनी सांगितलं, की दांड्याच्या मधोमध पडदा करडा झाला. काका म्हणाले, थांबा, येईल परत. आयुष्यभर पाणी बघून होडी हाकलेला माणूस त्या पडद्याकडे बघत राहिला. पावसात समोरचं काही दिसत नव्हतं हेही खरं. लाट आडवी लागली. काका होडीखाली सापडले.

तिसऱ्या दिवशी मोहित्यांनी अहवाल तिच्यापुढे ठेवला. उपग्रहाशी संपर्क चार मिनिटांसाठी आपोआप तुटला, असं त्यात होतं. तुझ्या भल्यासाठीच आहे, ते म्हणाले, आणि खरंच तसं त्यांना वाटत होतं. तुझ्यामुळे अडीचशे माणसं घरी आली, चौकशीत अडकलीस तर पुढचं काम कोण करणार. रोशनीने ते वाक्य खोडलं. 'अकरा पन्नासला प्रवाह मी थांबवला. त्या वेळी हिरादेवी दांड्यावर असल्याचे मला दिसत होते,' एवढं लिहिलं आणि सही केली. खाली जुनी दोन वर्षांपूर्वीची चाचणी चुकीची असल्याचंही लिहिलं, आणि त्याखालीही सही केली.

मग ती चोगल्यांच्या घरी गेली. शेवंतीकाकी ओट्यावर बसली होती. घरात पाहुणे होते, ते आत गेले. बंदरावर सगळे रोशनीचं नाव घेत होते आणि या घरात तिला काय म्हणावं ते कुणाला सुचत नव्हतं. रोशनी खाली पायरीवर बसली. दुपारचं ऊन तिच्या पाठीवर होतं.

"काकी, उपग्रह तुटला नव्हता. मी थांबवला."

काकीने मान हलवली. ते तिला कळलेलं होतं.

"तुला दिसत व्हते का ते?"

"होय."

"आनि जयंता?"

"नाही. जुने सेट दिसत नाहीत."

 मग काकीने विचारलं, की त्यांना दांडा ओलांडून आत यायला किती वेळ लागला असता. रोशनीने सांगितलं, पाच मिनिटं. तेवढी मिनिटं तुझ्याजवळ होती का, असं काकीने विचारलं. या प्रश्नाची रोशनीने तीन रात्री तयारी केली होती. पाच मिनिटं इकडेतिकडेचा हिशेब, चोवीस आणि एकोणीस, सगळं तिच्या जिभेवर होतं. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

"होती," ती म्हणाली. "दादूस बाहेर होता. मला वाट बघवेना."

मागे चाहूल लागली म्हणून तिने वळून पाहिलं. अंगणाच्या कडेला दादूस उभा होता. काकीला भेटायला आला असावा. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

"तुजा सायब येऊन गेला सकाली," काकी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "सांगत व्हता, उपग्रहाची चूक. मी त्याला बोललू, उपग्रहाला मी काय शिव्या देऊ? शिव्या द्याला मना मानूस पायजे."

आणि तिने सुरुवात केली. वेळशीच्या कोळणीचं तोंड ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. काकीने रोशनीचा जन्म काढला, शिक्षण काढलं, तिच्या यंत्राचा आणि तिच्या हातांचा उद्धार केला. मध्येच तिच्या लहानपणी तिला भरवलेल्या घासांचा हिशेब मांडला आणि रडली, आणि रडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आतून दोघीतिघी बायका बाहेर आल्या, काकीला आवरायला लागल्या. काकीने त्यांना हात झिडकारून परत पाठवलं. रोशनी उठली नाही. मान खाली घालून तिने सगळं ऐकून घेतलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी खरं बोलत होतं.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा काकीचा आवाज बसला होता. तिने पदराने तोंड पुसलं.

"जा आता," ती म्हणाली. "उद्या पन ये."

दुसऱ्या दिवशी रोशनी गेली. तिच्याआधी दादूस येऊन पायरीवर बसलेला होता. तो थोडा सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.